दोन नाटके, दोन जमाव

आमच्या सीमाभागातल्या मराठी घरांत पुस्तकांचे कपाट बहुधा दोन भाषांचे असते. वरच्या खणांत ज्ञानेश्वरी, गाथा, खांडेकर, पु. ल.; खालच्या खणात मुलांची कन्नडची क्रमिक पुस्तके आणि कुणीतरी भेट दिलेले एखादे बेंद्रे किंवा कारंत. मुलांची परीक्षा संपली की खालच्या खणाकडे सहसा कुणी वाकत नाही. माझेही तसेच होते. १९९२ च्या सुमारास मी धारवाडला मराठी घेऊन एम. ए. करीत होतो. तेव्हा वसतिगृहातल्या एका कन्नड मित्राने गिरीश कर्नाड यांचे 'तलेदंड' माझ्यापुढे टाकले आणि तो म्हणाला, "तुमचा घाशीराम वाचून झाला असेल, तर आता हे वाच." शब्दकोश उशाशी ठेवून ते नाटक मी तीन आठवड्यांत कसेबसे संपवले. तेव्हापासून तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' आणि कर्नाडांचे 'तलेदंड' ही दोन नाटके माझ्या मनात शेजारी शेजारी बसली आहेत, आणि आज तीसएक वर्षांनंतरही एकाविषयी विचार करू लागलो की दुसरे मध्ये बोलते.

या दोन नाटकांत साम्य शोधायचे तर ते वरवर फारसे दिसणार नाही. एक पेशवाईतल्या पुण्याचे, दुसरे बाराव्या शतकातल्या कल्याणचे. एक नाचगाण्याने भरलेले, दुसरे संवादांनी आणि वादविवादांनी. पण दोन्हींच्या शेवटी जमावाच्या रागातून रक्त सांडते. दोन्हीकडे तो राग खोटा नाही. अन्याय झालेला आहे आणि तो लोकांच्या डोळ्यांदेखत झालेला आहे. तरीही रक्त सांडून झाल्यावर अन्याय करणारी सत्ता जागच्या जागी राहते, किंबहुना अधिकच घट्ट होते. असे का होते, आणि चळवळीचा राग कोणत्या रेषेपर्यंत आपण आपला म्हणावा, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम 'घाशीराम'. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना. कथा वाचकांना ठाऊकच आहे. कनोजी ब्राह्मण घाशीराम पोट भरण्यासाठी पुण्यात येतो. तिथे चोरीचा आळ येऊन त्याला मार आणि अपमान सोसावा लागतो. सूड घ्यायचा म्हणून तो आपली मुलगी नाना फडणविसांच्या हवाली करतो आणि कोतवाली मिळवतो. मग पुण्यावर त्याचा वरवंटा फिरू लागतो. अखेर कोंडून ठेवलेले परप्रांतीय ब्राह्मण गुदमरून मरतात, लोक खवळतात, नाना घाशीरामला लोकांच्या स्वाधीन करतात आणि लोक त्याला ठेचून मारतात. इतिहासातला घाशीरामही १७९१ मध्ये असाच मारला गेला. त्याच्या कैदेत वीसहून अधिक तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यावर पुणे रस्त्यावर उतरले होते. तेंडुलकरांनी मात्र आपले नाटक ऐतिहासिक नाही असे स्पष्ट सांगितले होते. सत्ता घाशीराम कसे निर्माण करते आणि काम झाल्यावर ते कसे मोडून टाकते, हे त्यांना दाखवायचे होते.

आपल्याकडची बहुतेक समीक्षा इथेच थांबली. नाना आणि घाशीराम यांच्या संबंधावर पुष्कळ लिहिले गेले. मला तिसऱ्या पात्राविषयी बोलायचे आहे, ते म्हणजे जमाव. नाटकात ब्राह्मणांची जी रांग मानवी पडदा म्हणून उभी राहते, तीच माणसे हा जमाव होतात. नानांच्या विलासाच्या वेळी याच माणसांचा पडदा होतो. मागे काय चालले आहे ते प्रेक्षकांपासून झाकण्याचे काम तो करतो. पुढे तीच माणसे घाशीरामच्या जुलमाने भरडली जातात, आणि शेवटी तीच दगड उचलतात. ही कल्पना केवळ रंगमंचीय नाही, तिच्यात अर्थ आहे. ज्यांनी झाकले, त्यांनीच मारले. मारताना त्यांना वाटते की आपण न्याय केला. प्रत्यक्षात नानांचा एक अडचणीचा साक्षीदार त्यांनी नानांसाठी नाहीसा केला. मग नाना तीन दिवसांच्या उत्सवाची आज्ञा देतात आणि पुन्हा नाचगाणे सुरू होते.

ही नाटकाची ताकद आहे. त्याची उणीवही मला इथेच दिसते, आणि इतक्या गाजलेल्या कृतीविषयी ती सांगताना मला संकोच होतो. तेंडुलकरांच्या जमावाला चेहरा नाही. त्यात एकही माणूस असा नाही, की जो दगड उचलतो आणि क्षणभर थबकतो. शेवटच्या प्रसंगात घाशीराम स्वतःच मार मागतो. त्या क्षणी त्याला आपल्या पापाची जाणीव आहे. जमावाला मात्र कशाचीच नाही. जमाव म्हणजे एक लाट. त्यामुळे प्रेक्षागृहात बसलेल्या आपल्याला तो जमाव 'ते लोक' वाटतो. मृदंगाच्या ठेक्यावर आपलीही मान डोलत असते, आणि पडदा पडल्यावर आपण म्हणतो, काय भयंकर लोक होते! आपण त्यांच्यातले एक आहोत हे नाटक सुचवते खरे, पण तसे आपल्याला मुळापासून वाटायला लावत नाही.

माझे हे मत पुस्तकी नाही, आणि त्याचे कारण सांगितले पाहिजे. १९८६ च्या जूनमध्ये आमच्याकडे कन्नडसक्तीच्या विरोधात आंदोलन झाले. गोळीबार झाला, माणसे गेली. त्यांच्या स्मृतीला वंदन करायला मी आजही दरवर्षी १ जूनला जातो. मागणी न्याय्य होती, असे मला तेव्हा वाटत होते आणि आजही वाटते. मी तेव्हा नुकतीच दहावीची परीक्षा दिलेला सोळा वर्षांचा मुलगा होतो. त्या दिवसांत एका संध्याकाळी, फाट्यावर थांबलेल्या बसवर आमच्या घोळक्यातून दगड गेले. त्यांतला एक माझा होता. काच फुटली आणि कंडक्टरच्या कपाळातून रक्त आले. तो कन्नड होता. शाळा सुटल्यावर आम्ही पोरे धावत येताना दिसलो की शिट्टी न मारता दोन मिनिटे गाडी थांबवून ठेवणारा तो हाच. दगड सुटताना मी त्याला पाहिले नव्हते. बस पाहिली होती, बसवरची पाटी पाहिली होती. काही दिवसांनी गाड्या पुन्हा सुरू झाल्या. कपाळाला पट्टी लावलेल्या त्या माणसाने माझे तिकीट फाडले, सुटे पैसे मोजून हातावर ठेवले. त्याला ठाऊक होते की नाही, मला कधीच कळले नाही. मी विचारले नाही.

म्हणून जमावात चेहरे नसतात, हे मला पटत नाही. चेहरे असतात. फक्त त्या घटकेला कुणी कुणाकडे पाहत नसते. लेखकाने निदान एकाकडे तरी पाहायला हवे, एवढीच माझी अपेक्षा आहे, आणि ती मला 'तलेदंड'मध्ये पूर्ण झालेली दिसली.

'तलेदंड' म्हणजे शिरच्छेदाची शिक्षा. कर्नाडांनी हे नाटक १९८९ मध्ये लिहिले. मंदिर आणि मंडल या दोन प्रश्नांनी देश ढवळून निघू लागला होता, त्या काळाशी आपल्या नाटकाचे नाते त्यांनी स्वतःच सांगितले आहे. १९९४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्याचे स्थळ कल्याण, म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. बिदर, भालकी, औरादकडच्या आपल्या वाचकांना ते गाव नवे नाही. तिथे बाराव्या शतकात बसवण्णांच्या भोवती शरणांची चळवळ उभी राहिली. जन्माने माणूस लहानमोठा ठरत नाही, श्रम हीच पूजा, देव देवळात कोंडलेला नाही, असे ती सांगत होती. ती संस्कृतात बोलली नाही. तिने आपली वचने लोकांच्या कन्नडात रचली. आपल्या वारकरी संतांना आपण ज्या कारणांनी मानतो, जवळपास त्याच कारणांनी कन्नड समाज शरणांना मानतो. या चळवळीत ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि चर्मकार हरळय्याचा मुलगा यांचे लग्न ठरते, आणि त्या लग्नातून कल्याण पेटते.

कर्नाडांनी सत्तेला सरळसोट खलनायक केलेले नाही. राजा बिज्जळ हा क्रूर आहे, धूर्त आहे, तरी बसवण्णांवर त्याचे प्रेम आहे. त्याच्या घराण्याला खालच्या जातीचे म्हणून हिणवले गेले आहे. शरणांच्या संगतीतच तो डाग पुसला जातो, हे तो जाणतो. म्हणून तो चळवळ सहन करतो. पण हे सहन करणे एका माणसाच्या मर्जीवर उभे आहे. राजवाड्यात त्याच्या मुलाने, सोविदेवाने, उचल खाताच ती सहिष्णुता एका रात्रीत संपते. सत्ताधाऱ्याच्या कृपेने मिळालेली मोकळीक आणि हक्काने मिळालेली मोकळीक यांतला फरक नाटकाने कुठेही भाषण न देता दाखवला आहे.

त्याहून अस्वस्थ करणारे आहेत दामोदर भट्टाचे विचार. हा राजपुरोहित विद्वान आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की जातींच्या उतरंडीत प्रत्येकाला आपली जागा आहे, आपले आचार आहेत, आणि हीच खरी सहिष्णुता. समता मात्र सगळ्यांना एकाच साच्यात दाबू पाहते, म्हणून तीच हिंसक. मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा क्षणभर निरुत्तर झालो. वर्गात मुलांपुढे ठेवला तर निम्मी मुले मान डोलावतील असा हा युक्तिवाद आहे. त्याचे उत्तर कर्नाड युक्तिवादाने देत नाहीत. पुढे त्याच दामोदर भट्टाच्या साथीने हरळय्या आणि मधुवरस यांची जी दशा होते, ते त्याचे उत्तर. प्रत्येकाला जागा देणारी ती सहिष्णुता, कुणी आपली जागा सोडली की डोळे काढते. 'आम्ही सहन करतो' असे म्हणणाऱ्याला नेहमी विचारावे : न सांगितलेल्या जागी कुणी बसला, तर काय कराल?

आता जगदेव. ज्या चेहऱ्याची उणीव मला 'घाशीराम'मध्ये भासली, तो हा. ब्राह्मण घरातला हा तरुण शरण झाला आहे. नाटकाच्या आरंभीच, बाप मरणशय्येवर असताना, तो आपला मित्र मल्लिबोम्म याला घरात ये म्हणून आग्रह धरतो. मल्लिबोम्म चामडे कमावणाऱ्यांच्या घरातला. ब्राह्मण आळीत पाऊल टाकतानाही अवघडलेला. जगदेवाचे वागणे तत्त्वाला धरून आहे. पण त्या हट्टात मित्राच्या संकोचाला जागा नाही, आणि आत तळमळणाऱ्या आईबापांनाही नाही. मल्लिबोम्माला आत यायचे आहे की नाही यापेक्षा, मी त्याला आत आणले हे जगदेवाला महत्त्वाचे वाटते. पहिल्याच प्रवेशात कर्नाडांनी हे बी पेरून ठेवले आहे. पुढे राजाच्या तिजोरीभोवती शेकडो शरणांचा वेढा पडतो, त्यातही जगदेवच पुढे असतो. चळवळीची ताकद म्हणजे माणसांची गर्दी, हे त्याला त्या दिवशी समजते. शेवटी हरळय्या आणि मधुवरस यांचे हाल पाहून तो शस्त्र उचलतो आणि बिज्जळाला मारतो. ज्याला तो मारतो त्याच्या हातात तेव्हा सत्ताच उरलेली नसते. मुलानेच ती काढून घेतलेली असते. सोविदेवाला हवे ते आयते मिळते. बापाचा काटा निघतो आणि शरणांच्या कत्तलीला निमित्त मिळते. जे काम पुण्याच्या जमावाने नानांसाठी केले, तेच जगदेवाने सोविदेवासाठी केले.

तरीही जगदेवाचा मला तिरस्कार करता येत नाही. तो तुमच्या-आमच्यासारखा आहे, आणि पुष्कळ बाबतींत आपल्याहून चांगला. मनाने सच्चा, भेदभाव न मानणारा, अन्याय पाहून झोप न लागणारा. कर्नाडांचे यश यात आहे, की हिंसा चळवळीच्या नालायक माणसांकडून होते ही आपली सोईस्कर समजूत ते टिकू देत नाहीत.

बसवण्णा हे सगळे ओळखतात. लग्नाची बातमी येते तेव्हा तेही क्षणभर कचरतात. समाज अजून तयार नाही हे त्यांना दिसते, पण स्वतःच सांगितलेल्या तत्त्वाला ते नाही म्हणू शकत नाहीत. शेवटी ते कल्याण सोडून कूडलसंगमाला जातात. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौऱ्याला जमावाने ठाणे पेटवून बावीस पोलीस मारले, तेव्हा गांधीजींनी ऐन भरातली असहकाराची चळवळ थांबवली होती. सहकारी संतापले, तरी ती थांबली. बसवण्णांचे कल्याण थांबण्याच्या पलीकडे गेले होते. नेता कितीही मोठा असो, जमाव त्याच्या शब्दाबाहेर जाण्याचा एक क्षण असतो. तो क्षण येण्याआधी बोलणे एवढेच त्याच्या हातात असते.

'तलेदंड' निर्दोष नाही. पात्रांची गर्दी आहे, दरबारातली राजकारणे मधूनच पसरट होतात, आणि लग्नाच्या दोन्ही घरांतल्या आयांची भीती, जी मला नाटकातली सर्वांत खरी गोष्ट वाटते, तिला नाटककाराने आणखी वेळ द्यायला हवा होता. तेंडुलकरांची बांधणी याहून कितीतरी घट्ट. पण माझ्यासारख्या, हातून एकदा दगड सुटलेल्या माणसाला 'घाशीराम' चटका लावून सोडून देते, आणि 'तलेदंड' धरून ठेवते.

या दोन नाटकांच्या वाट्याला जे आले तेही विषयाला सोडून नाही. नाना फडणविसांची आणि एका जातीची बदनामी होते, म्हणून 'घाशीराम'ला विरोध झाला. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवले. कलावंत बाहेर पडले, त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभे केले. १९८० च्या युरोप दौऱ्याच्या वेळी पुन्हा वादळ उठले. विरोध करणाऱ्यांना हक्क नव्हता असे मी म्हणणार नाही. ज्यांना नाना वंद्य आहेत त्यांनी लेख लिहावेत, सभा घ्याव्यात, नाट्यगृहाबाहेर काळ्या फिती लावून उभे राहावे. एवढे नाटकाने आणि नाटककाराने सोसलेच पाहिजे. पण ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला, वचनसाहित्यासाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. एम. एम. कलबुर्गी यांच्यावर त्यांच्या घरी गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा तो विरोध नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोल्हापूरला गोविंद पानसरे, त्याआधी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही भाषांत.

मर्यादा कुठे आखायची? मला सापडलेली कसोटी साधी आहे. माझ्या विरोधानंतर समोरच्याला उत्तर देता येते का? लेखाला लेखाने उत्तर देता येते, सभेला सभेने, घोषणेला घोषणेने. दगडाला, गोळीला आणि 'पाहून घेऊ' या शब्दांना उत्तर देता येत नाही. जिथे समोरच्याचे उत्तर संपते, तिथे माझी चळवळ संपते आणि दुसऱ्या कुणाचे तरी राजकारण सुरू होते. सहिष्णुतेलाही हीच कसोटी लावावी. कटू बोलणे सोसणे ही सहिष्णुता. धमकी सोसणे हा भिडस्तपणा किंवा भीती.

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, असे कुणी विचारील तर मान खाली घालावी लागेल. चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात 'तलेदंड'चा तो पहिला प्रवेश, मल्लिबोम्म आणि जगदेवाचा, मराठीत बसवायचे ठरले होते. कन्नडच्या बाई आणि मराठीचे सर दोघे मिळून तालीम घेत होते. मग काही मंडळी भेटायला आली. एकांचे म्हणणे, मराठी शाळेत कन्नड नाटक कशाला? दोन दिवसांनी दुसरे आले; त्यांचे म्हणणे, आमच्या शरणांना पोरांच्या खेळात कशाला आणता? दोघेही नम्रपणे बोलले, चहा घेतला. उठताना एकजण म्हणाला, "काही झालं तर जबाबदारी तुमची हं, सर." मी प्रवेश रद्द केला. त्या जागी एक समूहनृत्य बसवले. शिक्षकांना सांगितले, वाद नको, आपण सर्वांना सांभाळून घेणारी माणसे. मल्लिबोम्म करणारा नववीतला मुलगा कार्यालयाच्या दारात उभा होता. तो म्हणाला, "सर, पाठांतर झालंय माझं." मी त्याला वर्गात जायला सांगितले.

सांभाळून घेणे हा शब्द मी तेव्हा वापरला. खरा शब्द दुसरा होता, हे मला त्याच वेळी कळत होते.

यंदाच्या संमेलनाच्या यादीत तो प्रवेश मी पुन्हा घातला आहे. त्याआधी पालकसभेत तो पूर्ण वाचून दाखवणार आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही. ज्यांना हरकत असेल त्यांनी तिथे उठून सांगावी. त्यांना तिथेच उत्तर मिळेल, आणि त्यांच्या उत्तराला मी बसून ऐकेन. तो मुलगा आता शाळेत नाही. त्यालाही निरोप धाडला आहे.